‘ड’ जीवनसत्त्वाची घट : आजाराचे कारण की आजाराची सावली?

न्यूमोनिया किंवा सेप्सिससारख्या गंभीर संसर्गाने रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्तचाचणीत ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी बहुधा खालावलेली आढळते. ज्यांची पातळी अधिक कमी, त्यांची प्रकृती अधिक चिंताजनक, असेही अनेक देशांतील निरीक्षणांत दिसले आहे. त्यावरून एक सोपा हिशेब मांडला जातो : उणीव होती म्हणून आजार बळावला, उणीव भरून काढली की रुग्ण सावरेल. कोविडच्या काळात ६०,००० युनिटांच्या पुड्या व गोळ्या घरोघरी पोहोचल्या, त्या याच हिशेबावर.

हा तर्क अगदीच निराधार नव्हता. त्वचेच्या क्षयावर प्रकाशकिरणांचा उपचार शोधणारे डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला होता. रोगप्रतिकारक पेशी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन हा जंतुनाशक घटक निर्माण करतात व क्षयाच्या जंतूंशी झुंजतात, हे २००६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवण्यात आले. परंतु प्रयोगशाळेतील पेशी आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण यांत मोठे अंतर असते.

ते अंतर पुढील चाचण्यांनी स्पष्ट केले. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे अत्यवस्थ रुग्णांना ५,४०,००० युनिटांची मात्रा देऊन पाहिली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णालयातील मुक्काम त्यामुळे घटला नाही. अत्यंत तीव्र उणीव असलेल्या गटात मृत्यू कमी दिसले, म्हणून आशा कायम राहिली. अमेरिकेत तेवढीच मात्रा देऊन मोठी चाचणी झाली. उणीव सिद्ध झालेल्या १,०७८ रुग्णांपैकी ९० दिवसांत औषध घेणाऱ्यांत २३.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत २०.६ टक्के दगावले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. पण लाभाचा मागमूसही त्यात नव्हता. ब्राझीलमध्ये कोविडच्या २४० रुग्णांवर २,००,००० युनिटांचा प्रयोग झाला, तेव्हाही मुक्काम कमी झाला नाही. रक्तातील आकडा वाढला. रुग्णाच्या स्थितीत फरक पडला नाही.

असे का व्हावे? शरीरात दाह उसळला की ‘ड’ जीवनसत्त्व वाहून नेणारे प्रथिन घटते, शिरेतून दिलेल्या द्रवामुळे रक्त पातळ होते आणि मोजला जाणारा आकडा खाली येतो. गुडघेबदलाच्या नियोजित शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही दिवसांत ही पातळी घसरल्याचे आढळले आहे. एवढ्या अवधीत ना कोणाचा आहार बदलतो, ना ऊन. म्हणजेच संसर्गाच्या ऐन भरात घेतलेल्या चाचणीतील घट कित्येकदा आजाराचे कारण नसून आजाराचीच सावली असते. शिवाय वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, मूत्रपिंड वा यकृताच्या विकाराने ग्रासलेले लोक उन्हात कमी जातात आणि संसर्गालाही लवकर बळी पडतात. दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. पण म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

याचा अर्थ ‘ड’ जीवनसत्त्व निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. हाडांच्या बळकटीसाठी ते अत्यावश्यक आहे. मुडदूस व अस्थिमृदुता या विकारांत तोच उपचार आहे. गोव्यासारख्या भरपूर ऊन असलेल्या प्रदेशातही घराबाहेर न पडणाऱ्यांत उणीव असू शकते. तेथे थोडे ऊन आणि ताटातील बांगडा, तारली यांचे मोल आहेच. खरी उणीव नियमित, माफक मात्रेने भरून काढावी. वैद्यकीय सल्ल्याविना मोठ्या मात्रा वारंवार घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

संसर्गाच्या रुग्णाला वाचवतात ते वेळेवर दिलेले योग्य प्रतिजैविक, प्राणवायू आणि दक्ष शुश्रूषा. नातेवाइकांची धावपळ आणि पैसा प्रथम तिकडे वळायला हवा. चाचणीतील ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा रुग्ण बरा होऊन घरी परतल्यावर, काही आठवड्यांनी पुन्हा तपासता येतो. तेव्हाच तो खरे काय ते सांगतो.