चुंबकाचे काम शिकून घ्या

पवना नदीकाठच्या शेतीपंपाची मोटार जळली की ती वाइंडिंगवाल्याकडे येते. तिच्यात तांब्याची तार व लोखंडी पत्रे असतात, सहसा चुंबक नसतो. जुनी तार भाजून काढण्याची आपल्या कारागिरांची सवय त्यातूनच पडली. विजेच्या स्कूटरच्या चाकातील मोटारीला मात्र ही सवय घातक आहे. पवनानगर-कामशेत भागातील कारागीर व भंगार व्यापारी बंधूंनी हे आताच ओळखले पाहिजे.

या मोटारीत निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचे चुंबक असतात. १९८० च्या दशकात जपान व अमेरिकेत त्यांचा शोध लागला. स्पीकरमधील काळ्या फेराइट चुंबकापेक्षा त्यांची ताकद कितीतरी जास्त. म्हणून लहान मोटारही मोठे काम करते. पण साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांपुढे कमजोर होऊ लागतो आणि ३१० अंशांच्या आसपास त्याची ताकद पूर्ण जाते. आघाताने तो फुटतो, निकेलचा मुलामा गेला की गंजतो, आणि घासला तर त्याची भुकटी पेट घेते. दोन चुंबकांत सापडलेले बोट चिरडू शकते.

मोटारीच्या चुंबकाला उष्णता सोसावी म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम मिसळतात. चीनने एप्रिल २०२५ मध्ये या धातूंच्या व अशा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याची झळ आपल्या जिल्ह्यालाही लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये बजाजच्या चेतक स्कूटरचे उत्पादन टंचाईमुळे खोळंबले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबक देशात बनावेत म्हणून ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. त्याआधी, सप्टेंबरमध्ये, भंगारातून महत्त्वाची खनिजे काढण्यासाठी १,५०० कोटी मंजूर झाले. त्यातील एक तृतीयांश लहान व नव्या उद्योगांसाठी राखीव आहेत.

मग आपण हा माल लोखंडाच्या भावात का घालवावा? एका मोटारीतला चुंबक थोडाच, हे खरे. म्हणून दुकानदारांनी एकत्र येऊन मोटारी वेगळ्या साठवाव्यात व नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याशी एकदम भाव ठरवावा. कारागिरांनी चाक खोलण्याचा पुलर घ्यावा, भट्टी दूर ठेवावी आणि मुलांना हे काम शिकवावे. पंपाच्या मोटारी राहतीलच. पण वाढते काम स्कूटरचे आहे. ते आज शिकले नाही, तर उद्या गिऱ्हाईक कंपनीच्या दारात जाईल.