दुसरी किल्ली

२००५ साली आलेल्या बुगाटी वेरॉन मोटारीचे सामर्थ्य १००१ अश्वशक्ती. वेग ताशी ४०० किलोमीटरहून अधिक. मात्र तो परमवेग गाठण्यासाठी गाडी उभी असतानाच आसनाच्या डाव्या बाजूस दुसरी किल्ली फिरवावी लागे. म्हणजे वेगापूर्वी क्षणभर थांबणे निर्मात्यानेच अनिवार्य केले. परंतु वस्तीतील रस्त्यावर घातक ठरणाऱ्या वेगाला पहिलीच किल्ली पुरते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते; हा हिशेब कोणत्याही खातेवहीत बदलत नाही. आणि समोरून रस्ता ओलांडणारे मूल आपले नसले, तरी कुणाचे तरी असतेच. चिरंजीवांना बलाढ्य मोटार घेऊन देण्याची ऐपत असेल, तर अवश्य द्यावी. पण थांबण्याची दुसरी किल्ली घरातूनच, तीही आधी द्यावी.