लालपेठची दुर्गा आणि लाराची पिशवी

१९९८ साली आलेल्या ‘टूम्ब रेडर ३’ या व्हिडिओ गेमची सुरुवात भारतातल्या जंगलात होते. त्याची नायिका लारा क्रॉफ्ट वाघांवर गोळ्या झाडते, पडक्या देवळात शिरते. तिथे सहा हातांत तलवारी पेलणाऱ्या मूर्ती जिवंत होऊन तिच्या अंगावर येतात. त्यांना लोळवायचे, हाती लागेल ते पिशवीत टाकायचे आणि पुढे निघायचे. २०१७ मध्ये ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ने हाच डाव पश्चिम घाटात मांडला. होयसळांच्या नावाने उभारलेली दगडी शहरे, त्यात दडलेला गणेशाचा सुळा आणि नायिकेचे पाऊल पडताच कोसळणारे खांब.

या गेमांचे समर्थक म्हणतात, खेळ तो खेळ. त्यातून कोणी इतिहास शिकत नाही, उलट मुलांना जुन्या वास्तूंची गोडी लागते. गोडी लागते हे मान्य करायला हरकत नाही. सनावळीच्या चुकाही माफ करता येतील, कारण कादंबरीकार आणि सिनेमावाले त्या पूर्वीपासून करत आले आहेत. खरी अडचण खेळाच्या नियमातच आहे. वस्तू उचलली की पडद्यावर तिचे नाव, काळ आणि कथा आयती उमटते. उचलणे म्हणजेच कळणे, हा धडा एका खेळात शंभरदा गिरवला जातो. पुरातत्त्वाचा अनुभव नेमका याच्या उलट आहे.

त्यासाठी चंद्रपूरच्या लालपेठेत जावे. तिथे प्रचंड मूर्ती उघड्यावर आडव्या पडल्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी सुमारे २६ फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. तिची दहा तोंडे पाहून लोकांनी तिला रावण ठरवले. अभ्यासक तिला दुर्गा मानतात. रायप्पा नावाच्या धनिक कोमट्याने मोठे देवालय बांधण्याचा घाट घातला, मूर्ती घडवून घेतल्या आणि काम पुरे होण्याआधीच तो वारला, असे परंपरा सांगते. या परंपरेला बळ कशाने मिळते? मूर्ती जिथे घडवल्या तिथेच पडून आहेत आणि त्या कुठल्याही गाभाऱ्यात पोचल्या नाहीत, या गोष्टीने. हीच दुर्गा लाराने उचलून आपल्या दिवाणखान्यात नेली असती, तर दहा तोंडे शाबूत राहिली असती आणि न झालेल्या देवळाची हकीकत मात्र लालपेठेच्या मातीतच सुटली असती.

नागभीड तालुक्यातल्या देवटेकची शिळा तर पिशवीवाल्यांना आणखी अवघड जाईल. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने अशोकाच्या लेखांच्या १८७७ मधील संग्रहात तिची नोंद घेतली, पुढे संशोधक वा. वि. मिराशींनी ती नव्याने वाचली. एकाच दगडावर दोन लेख निघाले. एक मौर्यकाळाच्या सुमाराचा, प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारा. दुसरा त्यानंतर काही शतकांनी आलेल्या वाकाटक राजा रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा. गेमच्या चौकटीत या शिळेपुढे कोणता काळ लिहायचा? दोन राजवटींनी तोच दगड का वापरला, हा तिच्याबाबतचा सर्वांत रसाळ प्रश्न आहे आणि तो वस्तूच्या नावाच्या रकान्यात मावत नाही.

जंगलातले उभे दगड म्हणजे नामशेष झालेल्या लोकांची खूण, हेही गेमांचे आवडते गृहीतक. भामरागडच्या माडिया गोंडांमध्ये मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करण्याची रीत आजही आहे. म्हणून तर विदर्भातल्या प्राचीन शिळावर्तुळांचा विचार करताना अभ्यासक या रीतीकडे वळतात. दोन्ही समाज एकच, असा निष्कर्ष मात्र जपूनच काढावा लागतो. गेममध्ये अशा दगडामागून पहारेकरी राक्षस निघतो. भामरागडात त्याचा अर्थ सांगणारा माणूस भेटतो.

गेम खेळून कोणी कुदळ घेऊन निघतो, असा आरोप करणे अतिरेकाचे होईल. गुप्तधनाचे वेड संगणकापेक्षा फार जुने आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे सांगणारा कायदा १८७८चा आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांची दखल घ्यावी लागली. पण गुप्तधनवाला आणि लारा यांची समजूत एकच आहे: जमिनीखालचे सगळे मोल वस्तूत, भोवतालची माती बिनकामाची. ज्या प्रदेशात ही समजूत आधीच घातक ठरली आहे, तिथे ‘खेळ तो खेळ’ म्हणून ती सोडून देता येत नाही.

म्हणून गेमच निषिद्ध, असे म्हणणाऱ्या विद्वानांचा पक्षही टिकत नाही. संरक्षित स्मारकापुढचा निळा फलक १९५८चा कायदा आणि शिक्षा सांगतो. समोरच्या मूर्तीविषयी बहुधा काही बोलत नाही. संग्रहालयातली पाटी बोलते, पण निकाल लागल्यावर. अर्थ लावताना अडखळणे, चुकणे, पुरावा आला की मत बदलणे, हे सारे वाचकापासून लपलेले असते. ते अनुभवायला लावण्याची ताकद गेममध्ये आहे. इंकल या ब्रिटिश कंपनीचा ‘हेवन्स व्हॉल्ट’ हा २०१९चा गेम घ्या. त्याची नायिका पुरातत्त्वज्ञ आहे. अज्ञात लिपीतल्या शब्दांचे अर्थ खेळाडूने अंदाजाने लावायचे. अंदाज चुकला तरी खेळ थांबत नाही. चुकीचा अर्थ पुढच्या लेखांत सोबत येतो आणि कथा त्याच्या आधारे चालत राहते. नवा लेख जुन्या अर्थाशी जुळेनासा झाला की शंका सुरू होते. शिलालेख वाचणाऱ्यांचे आयुष्य याहून फारसे वेगळे नसते.

अशा खेळासाठी मराठी मुलखात माणसांची वाण नाही; ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा २०२०चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सने घडवला. विषयही तयार आहे. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंड्याचा देवळांचा समूह आहे. मुख्य मंदिराचे वीज पडून नुकसान झाल्याची हकीकत सांगितली जाते. ढासळलेला प्रत्येक दगड मुळात कुठला, कोणती डागडुजी मागाहून झाली, कुठे मोकळी जागा मोकळीच ठेवावी, हे निर्णय खेळाडूवर सोपवता येतील. दगड न मोजता, न चितारता उचलला तर तो हाती येईल, पण त्याची जागा नकाशावरून पुसली जाईल आणि पुढच्या भिंतीचे कोडे तेवढ्याने अवघड होईल. त्यासाठी लागतील जुनी छायाचित्रे, मोजमापे आणि आराखडे. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती कपाटातून काढून गेम घडवणाऱ्या तरुणांना खुली करावीत. राक्षस नसलेला असा गेम खपेल का, हे बाजार ठरवील. तो करून पाहण्याआधीच नाही म्हणण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही.