उपकेंद्राचे रात्रीचे कुलूप काढा : नऊ पाड्यांचे पाचवे निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद.

विषय : उपकेंद्रात परिचारिकेच्या मुक्कामाची सोय करून ते रात्री चालू ठेवण्याबाबत, तसेच नऊ पाड्यांच्या आरोग्य गटाच्या इतर मागण्यांबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची चार निवेदने व गेल्या वर्षीच्या जनसंवादात आपल्या कार्यालयाने दिलेले आश्वासन.

महोदय,

या विषयावरचे हे आमचे पाचवे निवेदन आहे. आधीच्या चारही निवेदनांच्या शिक्का मारलेल्या पोच आमच्या फायलीत आहेत. लेखी उत्तर एकाचेही नाही. म्हणून निकष आणि शासन निर्णय यांची उजळणी इथे करत नाही. ते आपणांस आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. पाड्यांवर काय चालते आणि रात्री काय होते, तेवढेच लिहितो.

आमच्या बाजूने काय उभे आहे ते आधी सांगतो. दोन आशाताई, तीन अंगणवाडी सेविका, दोन जुन्या सुइणी, बचत गटाच्या बाया आणि प्रत्येक पाड्यावर डोली उचलणारी सहा-आठ पोरे असा हा गट आहे. आशाताईंच्या वहीत प्रत्येक गरोदर बाईचा महिना तर असतोच, शिवाय तिच्या घराजवळ कोणाकडे फोन आहे आणि त्याला रेंज कुठे येते, हेही असते. वरच्या पाड्यावर रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर येते. तिथली बाई नवव्या महिन्यात गेली की रोज रात्री एक पोरगा फोन घेऊन कातळाजवळच्या घरी झोपायला जातो. जीपवाला रात्री फक्त डिझेलचे पैसे घेतो. ते गावाच्या आरोग्य समितीच्या निधीतून देतो, निधी आलेला नसेल तर बचत गट देतो. दिवाळीनंतर अर्धे पाडे वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधी ताई प्रत्येक बाळाच्या कार्डाचा फोटो काढते आणि मुकादमाचा नंबर लिहून घेते, म्हणजे भट्टीजवळच्या केंद्रात डोस चुकत नाही. गेली पाच वर्षे हे चालू आहे आणि यासाठी शासनाकडे आम्ही कधी एक रुपया जास्तीचा मागितलेला नाही.

हे आमच्याच डोक्यातून निघालेले नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच आरोग्यदूतांकडून नवजात बाळे घरी जगवून दाखवली. आज आमच्या ताई बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्या वाटेची सुरुवात तिथे झाली. २००७ साली आपल्या राज्यात पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा केंद्राचे काम तुम्हीच तपासा, असे शासनानेच लोकांना सांगितले होते. आम्ही तपासत आलो. पण जामखेडच्या त्या बायांच्या पाठीशी जामखेडचे रुग्णालय होते. आमच्या ताईच्या पाठीशी संध्याकाळनंतर एक कुलूप असते.

उपकेंद्राच्या इमारतीत परिचारिकेसाठी खोली आहे, पण तिच्यात कोणी राहू शकत नाही. बोअरची मोटर जळून तीन वर्षे झाली, त्यामुळे नळाला पाणी नाही. पत्रा पलंगाच्या बरोबर वर गळतो. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही. नर्सताई तालुक्याच्या गावाहून सकाळच्या एसटीने येतात आणि साडेचारच्या एसटीने परत जातात. त्यांच्याविरुद्ध आमची कसलीही तक्रार नाही, हे प्रत्येक निवेदनात लिहिले आहे आणि याही वेळी लिहितो. त्यांना तान्हे मूल आहे. त्या खोलीत आम्ही आमच्या मुलीलाही राहू दिले नसते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. वरच्या पाड्यावरच्या एका बाईला रात्री नऊनंतर कळा सुरू झाल्या. दुसरेच बाळंतपण होते. कातळावरच्या पोराने लगेच ताईला फोन लावला आणि अर्ध्या तासात डोली निघाली. ओहोळाला कमरेइतके पाणी होते, ते उतरेपर्यंत पाऊण तास काठावर थांबावे लागले. डोली उपकेंद्राच्या ओट्यावर टेकली तेव्हा साडेबारा वाजले होते. दाराला कुलूप होते. १०८ ला फोन लागला, गाडी निघालीही, पण घाट चढून यायला तिला दीड तास हवा होता. ओट्यावरच्या सिमेंटच्या बाकाशेजारी, चौघांनी धरलेल्या कांबळ्यांच्या आडोशाला बाई बाळंत झाली. बाळ रडले नाही. ताईने त्याला पुसले, पाठ चोळली, तळवे चोळले. खिडकीच्या काचेवर बॅटरी मारली की आत ट्रेमध्ये ठेवलेली, बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग दिसत होती, आणि ती वापरायचे शिक्षण घेतलेल्या नर्सताई ३० किलोमीटरवर होत्या. डोली उचलणाऱ्यांतला एक जण दगड घेऊन कुलूप तोडायला निघाला. ताईने त्याला अडवले. सरकारी कुलूप तोडले तर आपल्यावरच केस होईल, असे ती म्हणाली. त्याला अडवल्याचे तिला आजही वाईट वाटते. बाळ गेले. बाई तालुक्याच्या रुग्णालयात आणि तिथून जिल्ह्याला पोहोचली, दोन पिशव्या रक्त चढले आणि ती वाचली.

महोदय, त्या रात्री गटातल्या कोणाचेही काही चुकले नाही. फोन लागला, डोली निघाली, जीप आली, पोरे पाण्यात उभी राहिली. आणि तरीही त्या रात्रीनंतर गट मोडायला लागला आहे. खालच्या पाड्यावरच्या एका सासूने ताईला तोंडावर विचारले, ‘कुलूप बघायला नेता का आम्हाला?’ तेव्हापासून तीन बाळंतपणे घरी झाली आहेत. आमच्या दोन सुइणींतली थोरली, जी स्वतः बायांना समजावून उपकेंद्रात पाठवायची, ती आता बोलावले की मुकाट्याने घरी जाऊन बसते. डोली उचलायला पोरे येतात, पण कुठे न्यायचे हे आधी विचारतात. दवाखान्यात जावे, हे लोकांना पटवायला आम्हाला पाच वर्षे लागली. ते पटेनासे व्हायला एक रात्र लागली. आणखी अशी एक रात्र आली तर आशाताईंच्या वहीला कोणी विचारणार नाही.

आता आश्वासने. पहिल्या निवेदनानंतर तोंडी कळले की अंदाजपत्रक वर पाठवले आहे. दुसऱ्यानंतर कळले की निधी मंजूर आहे, काम पावसाळ्यानंतर होईल. तो पावसाळा गेला आणि त्यानंतरचाही गेला. जनसंवादात आपल्या कार्यालयाच्या प्रतिनिधींनी माइकवरून, चारशे माणसांसमोर, तीन गोष्टी कबूल केल्या होत्या : दिवाळीपूर्वी मोटर बदलू, पत्रा बदलू, आणि तोवर दुसऱ्या कंत्राटी परिचारिकेची नेमणूक करून रात्रीच्या पाळीचे वेळापत्रक दारावर लावू. दिवाळीच्या आठवड्यात एक जण आला, त्याने टेप लावून पत्रा मोजला, चहा घेतला आणि गेला. दारावर आजतागायत कागद लागलेला नाही. विहिरीपासून खोलीपर्यंत चर खणून दिलात तर पाइप आम्ही देऊ, असेही जनसंवादातच सांगण्यात आले होते. पोरांनी तीन रविवार श्रमदान करून चर खणला. पाइप आला नाही. पहिल्या पावसात चर बुजला, त्यांनी पुन्हा उकरला. यंदा तो पुन्हा बुजला आहे, आणि आता त्यांना उकरायला सांगायची आम्हाला लाज वाटते.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : खोलीला पाणी, पत्रा आणि न्हाणीघराला कडी ही तिन्ही कामे एकदम करावीत, सुटी सुटी नकोत. नुसता पत्रा बदलून पाणी आले नाही तर नर्सताई राहणार नाहीत, आणि उद्या आम्हालाच ऐकावे लागेल की सोय केली होती. काम पूर्ण होईपर्यंत दोन परिचारिकांची रात्रपाळी लावावी आणि ज्या रात्री कोणी नसेल त्या रात्रीचा उल्लेख वेळापत्रकात स्पष्ट असावा, म्हणजे डोली सरळ रस्त्यावर जीपपाशी नेता येईल. डोली सरळ रस्त्याकडे नेली असती तर त्या रात्री ओहोळाकाठचा पाऊण तास तरी वाचला असता; रस्त्याकडची वाट ओहोळ ओलांडत नाही.

इतर मागण्या थोडक्यात. आशाताईंचा थकलेला मोबदला द्यावा. औषधपेटीत ओआरएस, झिंक आणि पॅरासिटामॉल महिना संपेपर्यंत पुरेल इतके असावे. समितीचा निधी वर्ष संपताना नव्हे, पावसाळ्याआधी यावा. विंचूदंशावर प्राझोसिन गुणकारी आहे हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कधीच दाखवून दिले. विंचवांच्या या डोंगरात ती गोळी आमच्या उपकेंद्रात नसावी, हे बरे नव्हे. मासिक सभेच्या इतिवृत्ताची प्रत गटाला मिळावी.

या निवेदनावर १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. तोंडी निरोप, फोन किंवा ‘वर पाठवले आहे’ असा शेरा आम्ही उत्तर धरणार नाही. उत्तर न आल्यास सोळाव्या रात्रीपासून प्रत्येक पाडा आळीपाळीने उपकेंद्राच्या ओट्यावर मुक्काम करील. कुलूप कोणी तोडणार नाही. ते किती वाजता लागले आणि किती वाजता उघडले, याची नोंद रोज वहीत होईल आणि दर सोमवारी तिची प्रत आपल्या कार्यालयात येईल.

आपले,
नऊ पाड्यांच्या आरोग्य गटाचे सदस्य
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत)

सोबत : चार निवेदनांच्या पोचेच्या झेरॉक्स, आशाताईंच्या वहीतील श्रावणातल्या त्या रात्रीचे पान.