मनोधैर्याचा बागुलबुवा

नोव्हेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने जाहीर केले की, त्यांच्या एका नेमबाजाने ३,८०० मीटर अंतरावरून एका रशियन सैनिकास टिपले. एवढे अंतर कापण्यास गोळीला सुमारे नऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात वारा बदलतो आणि माणूस दोन पावले पुढे सरकतो. साहजिकच क्षेपणशास्त्राच्या काही जाणकारांनी या दाव्याविषयी शंका व्यक्त केली. अशी शंका कोठेही निघाली की तिला ठरावीक उत्तर मिळते : सैनिकाच्या पराक्रमाविषयी प्रश्न विचारल्याने सैन्याचे मनोधैर्य खचते. आपल्या देशात हे उत्तर २०१६ च्या लक्ष्यभेदी कारवाईपासून इतक्या वेळा दिले गेले आहे की, ते खरे आहे काय, हे तपासण्याचीही कोणाला गरज वाटेनाशी झाली आहे. ते तपासलेच पाहिजे.

ज्याच्या नावाने हा आक्रोश केला जातो, त्या नेमबाजाचा व्यवसाय शंकेवरच उभा आहे. त्याच्या शेजारी दुर्बीण घेऊन पडून राहिलेला जोडीदार असतो. गोळी कोठे पडली, किती चुकली, हे निर्भीडपणे सांगणे हेच त्याचे काम. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत नेमबाजांच्या प्रत्येक लक्ष्यवेधाची नोंद ठेवली जाई आणि तिला साक्षीदार लागे. स्टालिनग्राडच्या वासिली झाइत्सेव्हच्या नावावर २२५ शत्रुसैनिकांची नोंद आहे. एका जर्मन मेजरशी झालेल्या त्याच्या द्वंद्वाची कथा मात्र जर्मन कागदपत्रांत आधार न सापडल्याने इतिहासकारांनी संशयास्पद ठरवली. त्यामुळे झाइत्सेव्ह लहान झाला नाही. अमेरिकेच्या ख्रिस काइल या गाजलेल्या नेमबाजाच्या पदकांचा आकडा फुगवलेला निघाला, तेव्हा २०१६ साली खुद्द नौदलाने नोंद दुरुस्त केली. त्यानंतर अमेरिकी सैन्य पळत सुटल्याचे ऐकिवात नाही.

नाशिककरांना हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या गोलंदाज घडले. तेथील पहिला धडा कोणता? टेहळणी चौकीवरचा अधिकारी पहिला गोळा पडताच कळवतो की, लांब गेला, पल्ला कमी करा. डावीकडे गेला, उजवीकडे घ्या. आपला गोळा चुकला हे ऐकताच ज्याचे मनोधैर्य खचते, तो तोफेजवळ उभाच राहू शकत नाही. चूक दाखवून घेण्याची ही शिस्त जवानापाशी आहे. तिचा अभाव आहे तो त्याच्या नावाने मते मागणाऱ्यांपाशी.

इतिहासाची साक्षही हेच सांगते. १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारविरुद्धचा पहिला अविश्वास ठराव मांडला, आणि सप्टेंबरमध्ये चव्हाणांना पराभवाच्या चौकशीतील निष्कर्षांविषयी लोकसभेपुढे निवेदन करावे लागले. प्रशिक्षण, साधनसामग्री, वरिष्ठांचे नेतृत्व या साऱ्यांतील उणिवांची उघड चर्चा झाली. अवघ्या दोन वर्षांनी, १९६५ मध्ये, तेच सैन्य ताठ मानेने लढले. पुढे बोफोर्स तोफांच्या व्यवहारावर १९८७ पासून देशभर रान उठले. सभा झाल्या, सरकार बदलले, परंतु १९९९ साली द्रासच्या डोंगरांवर त्याच तोफा डागताना एकाही गोलंदाजाचा हात कापला नाही. प्रश्न दलालीविषयी होता, आपल्या शौर्याविषयी नव्हे, हे जवानाला पुरेपूर ठाऊक होते.

याउलट, प्रश्न न विचारल्याने काय होते? फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर सत्तारूढ पक्षाच्या अध्यक्षांनी अडीचशेहून अधिक दहशतवादी मारल्याचा आकडा जाहीर सभेत सांगितला. हवाई दलप्रमुख धनोआ मात्र म्हणाले की, लक्ष्यावर मारा झाला की नाही हे हवाई दल पाहते, मृतांची मोजदाद करीत नाही. सैनिकाची भाषा संयमाची होती. फुगवटा पुढाऱ्याचा होता. हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ फेब्रुवारीस, बडगाम येथे हेलिकॉप्टर कोसळून हवाई दलाचे सहा जण आणि एक स्थानिक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही गोष्ट हवाई दलाच्या नव्या प्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये मान्य केली. दरम्यान लोकसभेची निवडणूक पार पडली होती. त्या सात महिन्यांत ‘शंका घेऊ नका’ असे बजावणाऱ्यांनी कोणाचे मनोधैर्य जपले? गोदाकाठी त्या वीराला निरोप देणाऱ्या नाशिकचे तर नव्हेच. घरबसल्या युद्धाचा जयघोष करणाऱ्यांनी एवढा उत्साह असेल तर सैन्यात भरती व्हावे, असे त्या दिवसांत जाहीरपणे सुनावले ते मांडवगणे यांच्या पत्नीने.

असत्य नोंदीचा पहिला बळी खरा पराक्रमी सैनिकच असतो. कारगिल युद्धात बटालिक क्षेत्रात ब्रिगेडचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या कामगिरीच्या नोंदीत वरिष्ठांनी फेरफार केल्याचे सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० साली म्हटले. अकरा वर्षे अधिकृत वृत्तान्त हाच अखेरचा शब्द होता. सियाचिनमध्ये २००३ साली शत्रू मारल्याचे बनावट चित्रण झाल्याचे उघड होऊन लष्करालाच चौकशी करावी लागली. जेथे खोटा पराक्रम खपतो, तेथे खऱ्याची किंमत उतरते. खोटे नाणे बाजारात आले की खरे नाणे दिसेनासे होते, हा अर्थशास्त्रातील जुना नियम शौर्यालाही लागू पडतो.

प्रत्येक शंका पवित्र असते, असा याचा अर्थ नाही. चालू मोहिमेचा तपशील मागणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि मृत जवानाची टवाळी करणे हे तर निव्वळ हीनपणाचे. कार्यकर्त्यांनी ही मर्यादा कसोशीने पाळली पाहिजे. परंतु जवानाची टवाळी वेगळी आणि सत्ताधाऱ्यांच्या दाव्याची छाननी वेगळी. या दोहोंची जाणूनबुजून गल्लत केली जाते ती जवानासाठी नव्हे, तर त्याच्या आडोशाला उभे राहण्यासाठी.

आणि मनोधैर्याची एवढीच चिंता असेल तर तिचा हिशेब भाकरीपासून मांडावा. १० ऑक्टोबर २०२४ रोजी नाशिकजवळच्या सरावात तोफगोळ्याच्या स्फोटात दोन अग्निवीर दगावले. एकाचे वय वीस, दुसऱ्याचे एकवीस. २०२२ साली आणलेल्या ज्या योजनेखाली ते भरती झाले, तिच्यात सेवा चार वर्षांची. पुढे कायम होणार फार तर चौघांपैकी एक. निवृत्तिवेतन नाही आणि मृत्यू आल्यास कुटुंबाला विमा व सानुग्रह रक्कम मिळाली तरी नियमित जवानाच्या घरी जाणारे कुटुंबनिवृत्तिवेतन नाही. शेतकऱ्याच्या पोराला कंत्राटावर रणांगणात उभे करणाऱ्यांनी चौकातल्या प्रश्नकर्त्याला मनोधैर्याचे धडे द्यावेत, यापरता ढोंगीपणा कोणता?

नेमबाजाची गोळी ३,८०० मीटर गेली की नाही, याचा निकाल पुराव्याने लागेल. तो कसाही लागला तरी खंदकातला जवान खचणार नाही. त्याला खचवते ती आपल्या मरणाचे कारण दडवले जाईल आणि आपल्या घरच्यांना वाऱ्यावर सोडले जाईल ही भीती. ती भीती दूर करावयाची असेल तर प्रश्न विचारणे थांबवून चालणार नाही. ते मोठ्याने, सभ्यपणे आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावे लागतील.