शेवाळाची बाजू

सगळ्यात आधी मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको. दुर्लक्षामुळे हिरवागार झालेला खाऱ्या पाण्याचा रीफ टँक रिकामा करून, धुऊन-पुसून नव्याने उभा करणं याला लोक शहाणपणा म्हणतात. मला तो बहुतेक वेळा आळस वाटतो. असा टँक शेवाळानं क्वचितच मरतो. वाचवायला आलेल्या माणसाच्या घाईनं मात्र हमखास मरतो.

ज्यांनी रीफ टँक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: यात नुसते मासे नसतात, जिवंत प्रवाळ असतात. म्हणजे कोरल. ते दिसतात झाडासारखे, पण आहेत प्राणी. हे पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आमच्या न्यू जर्सीच्या ऑफिसात रिसेप्शनला असा एक टँक आहे. साडेचारशे लिटरचा, 2012 साली बसवलेला. मार्च 2020 मध्ये ऑफिस बंद झालं, देखभालीचं कंत्राट थांबलं आणि पुढचं दीड वर्ष इमारतीतली माणसं आपल्या परीनं त्यात नळाचं पाणी ओतत आणि माशांना खाणं टाकत राहिली. त्यांनी तेवढं केलं म्हणून मासे जगले, त्यामुळे त्यांना नावं ठेवायला मी जाणार नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आम्ही परतलो तेव्हा दगडांवर बोटभर लांब केसांसारखं शेवाळ होतं, वाळूवर जांभळट-लाल थर होता आणि समोरच्या काचेतून आत काही दिसत नव्हतं. आत होती क्लाउनफिशची एक जोडी (हो, तोच तो निमो), आक्रसून मुठीएवढा झालेला एक लेदर कोरल आणि डझनभर फांद्यांपैकी तीन शिल्लक राहिलेला एक हॅमर कोरल.

एका कंपनीचं कोटेशनही येऊन पडलं होतं. सगळं काढायचं, नवे दगड, नवी वाळू, नवे एलईडी लाईट. "जुन्या प्राण्यांची व्यवस्था करू" असं एक वाक्य शेवटी होतं. मी म्हटलं, सहा महिने द्या. मिळाले.

आता मुद्द्याकडे. शेवाळ काही आकाशातून पडत नाही. त्याला लागतं नायट्रेट, फॉस्फेट आणि प्रकाश. नायट्रेट-फॉस्फेट येतात माशांच्या खाण्यातून, विष्ठेतून आणि नळाच्या पाण्यातून. आमच्या टँकमध्ये नायट्रेट 80 पीपीएम होतं आणि फॉस्फेट 0.7. रीफ टँकमध्ये साधारण 5 ते 10 आणि 0.1 च्या आत असावं असं मानतात. पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर कधी बंद पडला होता ते कोणालाच सांगता आलं नाही.

शिवाय पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणून टँकमध्ये वरून घालायचं पाणी गोडं आणि शुद्ध हवं, आणि ते रोज हवं. आठवड्यातून एकदा बादली ओतली की खारटपणा झोके घेतो. समुद्राच्या पाण्याची सापेक्ष घनता साधारण 1.026 असते, आमच्याकडे 1.030 भरली. हीसुद्धा एका दिवसात खाली आणायची नसते. आम्ही दोन आठवडे घेतले.

अशा वेळी दुकानात पहिली बाटली मिळते ती शेवाळनाशकाची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! समजा बाटलीनं काम केलं आणि दोन दिवसांत सगळं शेवाळ मेलं. मेलेलं शेवाळ जातं कुठे? तिथेच सडतं. त्यानं वर्षभर साठवलेलं नायट्रोजन-फॉस्फरस परत पाण्यात येतं, सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे असतात. तीन दिवस लाईट बंद ठेवून टँक झाकण्याचा उपायही त्याच जातीचा. लाल थर त्यानं काही दिवस जातो खरा (तो थर मुळात शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे), पण खाणं तेवढंच चालू राहिलं तर पुन्हा येतो.

मला शेवाळाची बाजू घ्यावीशी वाटते ती इथे. दीड वर्ष त्या टँकमध्ये फिल्टरचं काम दुसरं कोण करत होतं? वॉल्टर एडी नावाच्या शास्त्रज्ञानं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत 1980 च्या दशकात प्रवाळांचे मोठे टँक याच तत्त्वावर चालवले. शेवाळ जाळीवर मुद्दाम वाढवायचं, त्याच्यावर भरपूर प्रकाश टाकायचा आणि वाढलं की खरवडून बाहेर काढायचं. पाण्यातलं खत शेवाळात जातं, शेवाळ तुमच्या हातात येतं. आज हजारो लोक हौसेच्या टँकला अशी जाळी किंवा शेवाळाचा वेगळा कप्पा लावतात.

आम्ही तेच गावठी पद्धतीनं केलं. दर शुक्रवारी दुपारी दगडावरचं शेवाळ हातानं उपटायचं, पाण्यात तरंगू न देता नळीनं ओढून बाहेर काढायचं आणि त्याच नळीनं साठ-सत्तर लिटर पाणी बदलायचं. स्किमर दुरुस्त केला, खाणं निम्मं केलं. बाटली एकही नाही. यात एक चकवा आहे. शेवाळ भरपूर असताना टेस्ट किट कधीकधी चक्क शून्य दाखवतं, कारण पाण्यात येणारं सगळं शेवाळ लगेच पिऊन टाकतं. मग माणूस म्हणतो, "पाणी तर स्वच्छ आहे, दोष लाईटचा असणार!" आणि नवा लाईट घेऊन येतो.

लाईटचं प्रकरण स्वतंत्र आहे. कोरलच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशातून अन्न तयार करतं आणि कोरलला लागणाऱ्या ऊर्जेपैकी 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवू शकतं. म्हणजे टँकमधलं भांडण शेवाळ विरुद्ध कोरल असं नाहीच. ते आहे बाहेरचं शेवाळ विरुद्ध आतलं शेवाळ, आणि दोघांना प्रकाश एकाच दिव्याचा. त्यामुळे लाईट नुसता कमी करून किंवा नुसता वाढवून हे भांडण सुटत नाही.

आमच्याकडे टी-फाईव्हच्या चार ट्यूब होत्या, प्रत्येकी 54 वॅटच्या. टायमरचा काटा अडकलेला, त्यामुळे लाईट रोज चौदा तास चालू. तरी कोरल उपाशी! कारण ट्यूब आणि पाणी यांच्या मधल्या काचेवर मिठाचा आणि धुळीचा पांढरा पापुद्रा जमला होता. वनस्पतींच्या उपयोगाचा प्रकाश मोजायचं एक मीटर असतं, ज्यात जो आकडा येतो त्याला पार म्हणतात. ते भाड्यानं आणलं. हॅमर कोरलपाशी पार 40 होता. काच व्हिनेगरनं पुसल्यावर 75 झाला. खर्च किती? व्हिनेगरची एक बाटली. ट्यूबचंही एक आहे. डोळ्याला ती वर्षानुवर्षं पेटलेली दिसते, पण नऊ-बारा महिन्यांत तिचा प्रकाश घटतो आणि रंगही बदलत जातो. म्हणून तीन आठवड्यांनी एक ट्यूब, मग आणखी तीन आठवड्यांनी दुसरी, अशा चारही बदलल्या. वेळ चौदा तासांवरून आठ तासांवर आणली. हॅमर कोरलला 100 च्या थोडं वर पुरलं.

त्या कोटेशनमधला एलईडी वाईट नव्हता. आज बहुतेक टँक एलईडीवरच चालतात आणि वीजही कमी लागते. पण दीड वर्ष अंधारात काढलेल्या प्राण्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीचा निळा प्रकाश सोडला, तर त्याच्या आतलं शेवाळ जास्तीच्या प्रकाशानं घातक रसायनं तयार करायला लागतं आणि कोरल ते शेवाळच बाहेर टाकतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. एलईडी लावायचाच असेल तर तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू करून पाच-सहा आठवड्यांत चढवायचा. पण नवीन लाईट घेतल्यावर तो तीस टक्क्यांवर चालवायचा संयम किती जणांकडे असतो?

आता "सगळं नव्यानं" या पर्यायाबद्दल. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जुना कोड दिसला की तो फेकून नवीन लिहायची खाज सुटते, त्यामुळे ही उबळ मला आतून माहीत आहे. :-) पण इथे फेकलं जातं ते विरजण. टँकमधले सच्छिद्र दगड म्हणजे नुसती सजावट नव्हे. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया नायट्रेटपर्यंत नेणारे जिवाणू त्यांच्यावर राहतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्येच लिहून ठेवलं होतं की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर खाऱ्या पाण्याचा टँक चालतो. हा थर नव्यानं जमायला आठवडे लागतात आणि पुरता मुरायला महिने. घरात चांगलं दही असताना ते मोरीत ओतायचं आणि विरजण मागायला शेजारी जायचं, असा हा प्रकार. त्या मधल्या काळात क्लाउनफिश आणि कोरल राहणार कुठे, हे "व्यवस्था करू" या वाक्यात नसतं.

दुसरी बाजूही सांगतो. जुन्या टँकमध्ये माशांच्या औषधातलं तांबं जाऊन बसलं असेल तर दगड आणि वाळू टाकूनच द्यावी. तांबं त्यांत मुरतं आणि गोगलगायी, कोळंबी, कोरल यांना मारतं. जुने दगड फॉस्फेटही धरून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झालं की हळूहळू सोडतात. आमचं नायट्रेट तीन महिन्यांत 20 वर आलं, पण फॉस्फेट पाचव्या महिन्यापर्यंत हट्टाला पेटलं होतं. ज्याला सहा महिने देता येणार नाहीत त्यानं टँक देता येईल अशा माणसाला द्यावा. त्यात कमीपणा नाही. चुकीचं आहे ते पंधरा दिवसांत निकाल मागणं.

हे सगळं एका काचेच्या पेटीपुरतं नाही, म्हणून एवढं लिहितोय. 1983 मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाच्या काळ्या, लांब काट्यांच्या सी अर्चिनमध्ये साथ आली आणि वर्षभरात त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. शेवाळ चरणारे मासे जमैकाच्या लोकांनी आधीच भरमसाट पकडले होते, सगळी भिस्त या अर्चिनवर होती. त्याआधी 1980 च्या वादळानं तिथले प्रवाळ मोडले होतेच. 1970 च्या दशकाच्या शेवटी जमैकाच्या तळावर निम्म्याहून जास्त भाग जिवंत प्रवाळ होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्या खाली आला आणि बाकी जागा शेवाळानं घेतली. टेरी ह्यूजेस यांचा 1994 चा शोधनिबंध यावरच आहे. म्हणजे समुद्रातही शेवाळ आधी आलं नाही, आधी चरणारे गेले. आमच्या टँकमध्ये एकही चरणारा उरला नव्हता. दुसऱ्या महिन्यात दहा गोगलगायी आणि एक छोटा अर्चिन सोडला, तेव्हापासून शुक्रवारचं उपटणं अर्ध्यावर आलं.

हे वाचणारे बरेच जण पुण्या-मुंबईत आहेत, म्हणून तिथलंही थोडं. आपल्याकडे दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या शेजारी, जागा आहे. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून कोरल तर सोडाच, मेलेल्या प्रवाळाचा दगडही उचलून आणायचा नसतो. दुकानदार "लोकल माल आहे, स्वस्तात देतो" म्हणाला तर तिथून निघावं. खाऱ्या पाण्याचा टँक हवाच असेल तर टाकीत पैदास केलेले क्लाउनफिश आणि कृत्रिम दगड यांवर छान टँक होतो. आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पाणी थंड ठेवणारा चिलर आणि वीज गेल्यावर चालणारा पंप यांचा खर्च आधी धरावा. लाईटचं मग बघू.

सहा महिन्यांनंतर आमचा टँक जाहिरातीतल्यासारखा दिसत नव्हता. मागच्या काचेवर शेवाळ होतंच, अजूनही आहे. हॅमर कोरलच्या तीन फांद्यांपैकी एक गेली, दोन राहिल्या आणि पुढे त्यांच्या पाच झाल्या. लेदर कोरल पुन्हा ताटलीएवढा उघडायला लागला. क्लाउनफिश नीट सांभाळले तर वीस वर्षंही जगतात, म्हणजे त्या जोडीचं अर्धं आयुष्य तेव्हा बाकी होतं. कोटेशनमध्ये नव्या दगडांचा भाव होता, नव्या वाळूचा होता. या अर्ध्या आयुष्याचा रकाना नव्हता.

तेव्हा टँक घ्यायचं मनात असेल तर नवा घेण्याआधी ओळखीत विचारा. कोणाच्या तरी घरात, दवाखान्यात, हॉटेलात एक हिरवा टँक नक्की सापडेल आणि मालक तो सुटला तर बरं म्हणून बसलेला असेल. तो घ्या. पहिल्या आठवड्यात पाणी तपासा, काच पुसा, टायमर बघा, आणि बाकी कशाला हात लावू नका.