दळण नसलेल्या चक्क्या

लेक रॉटरडॅमला असते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेले होते. एका सकाळी जावई म्हणाले, "आई, पवनचक्क्या बघायला जाऊ." मी आपट्याची. आमच्याकडे परगावचे लोक येतात ते 'दिलवाले दुल्हनिया'मधलं रेल्वे स्टेशन बघायला, तेव्हा बघण्यासारखं ठिकाण म्हणजे काय याबद्दल माझं मत फार चांगलं नाही.

किंडरडाइकला 19 चक्क्या आहेत, बहुतेक 1740च्या आसपासच्या. चक्की म्हणजे पीठ, एवढंच मला ठाऊक. इथे दळण कुठेच नाही! या पाणी उपसायच्या. जमीन खाली, नदी वर, मध्ये बांध. वारा पाती फिरवतो, पाती आतले लाकडी दाते फिरवतात आणि खालचं चाक पाणी वरच्या कालव्यात ढकलतं. आत शिरून एका दात्याला हात लावला. मधमाशीचं मेण चोळलेला, जात्याच्या खुंट्यासारखा गुळगुळीत.

मला एकदम माहेर आठवलं. पेण तालुक्यातल्या खारातलं गाव. भरतीच्या रेट्याने मिटणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारी उघाडीची झडप वडील पावसाळ्याआधी स्वतः तपासायचे. खेकड्याने बांध पोखरला की घरटी एक माणूस चिखल थापायला निघायचा. आता बांधाला खांडी पडल्यात, भाताच्या शेतात कांदळ उगवलंय. दादाच्या अर्जांची फाईल मात्र जाड झालीय.

"आता इथलं खरं काम पंपच करतात," जावई म्हणाले. असेल. तरी चक्क्या फिरत्या ठेवल्यात. देशभर कितीतरी हौशी माणसं रीतसर शिकून, परीक्षा देऊन त्या चालवतात. पाण्याचा कारभार बघायला निवडून दिलेली वेगळी मंडळं आहेत आणि लोक त्यासाठी पट्टी भरतात.

ती श्रीमंत माणसं, असं कुणी म्हणेल. पण खांड वीतभर असताना ती दिसायला पैसा लागत नाही, रोज बांधावरून चालणारा माणूस लागतो. दर बांधाला गावातलाच एक पगारी राखणदार नेमा, एवढंच माझं म्हणणं. गेलेलं शेत परत मिळवण्यापेक्षा त्याचा पगार स्वस्त पडेल.

परत आल्यावर दादाला फोटो दाखवले. चक्क्यांकडे त्याने बघितलंच नाही. चष्मा वर करून बांधाचा फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला.

"एक बीळ नाय गं," म्हणाला.